सायकल थांबली आणि धाप वाढली

(दुपार, मोकळा रस्ता, लांबून एक सायकल)

रस्ता हलताना दिसतोय ना, ते डांबर तापलंय आणि त्याच्यावरची हवा थरथरतेय. हँडलवरच्या मीटरला ४२ डिग्री. दुपारचा दीड वाजलाय आणि तो लांबून येतोय तो आमचा मित्र, साडेनऊला निघालेला, म्हणजे चार तास झाले सीटवर.

चेहरा बघा त्याचा. हसतोय, अंगठा दाखवतोय. चालत्या सायकलवर वारा लागत राहतो, घाम आला की लगेच सुकतो, त्यामुळे किती घाम गेला ते कळतच नाही. जर्सीच्या पाठीवर ते पांढरे पट्टे आलेत ना, ते मीठ आहे. पाणी उडालं, मीठ राहिलं.

(क्लोजअप: पाय आणि पेडल)

आता पायांकडे बघू, कारण सगळं इथूनच सुरू होतं. आपण जी शक्ती खर्च करतो त्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पेडलला पोचतो आणि बाकीच्याची उष्णता होते. पेडलवर १५० वॅट जात असतील तर अंगात ४५० ते ६०० वॅट उष्णता तयार होत असते, सतत, चार तास. गार हवेत ती आपोआप निघून जाते. पण कातडीचं तापमान असतं साधारण ३५ डिग्री आणि इथे हवाच ४२ ची, म्हणजे उष्णता बाहेर जायच्या ऐवजी बाहेरून आत येतेय, तो वारा आहे ना जो छान वाटतोय तोच तापवतोय. मग उरला घाम. एक लिटर घामाची वाफ झाली तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते, पण वाफ झाली तरच. हेल्मेटच्या पट्ट्यावरून हे थेंब टपटप पडतायत, हा घाम फुकट गेला, याने काही गार झालं नाही.

(मीटरचे दोन शॉट शेजारी शेजारी)

हा शॉट मुद्दाम असा लावलाय. डावीकडे पहिला तास, उजवीकडे चौथा. स्पीड दोन्हीकडे २४, रस्ता सपाट. ठोके मात्र १३६ वरून १६३. त्याला वाटत होतं रात्री झोप झाली नाही म्हणून असेल. खरं म्हणजे रक्त तेवढंच आणि गिऱ्हाइकं दोन, पायांना ऑक्सिजन पाहिजे आणि कातडीला अंग गार करायला रक्त पाहिजे, त्यात घामामुळे रक्तातलं पाणीच कमी झालेलं, मग हृदयातून दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि ती तूट ठोके वाढवून भरावी लागते. अंग तापलं की श्वासही वाढतो, पायांचं काम वाढलेलं नसलं तरी. ग्रुपमध्ये जे पटकन म्हणतात ना, ‘स्टॅमिना नाही रे तुझा’, त्यांनी हे दोन आकडे जरा थांबून बघावेत. सकाळी जो माणूस होता तोच हा आहे.

(सायकल थांबते. हा शॉट कट केलेला नाही)

पाय टेकले. वारा गेला. आणि पेडल मारताना पोटऱ्या पायातलं रक्त वर ढकलत होत्या तेही बंद झालं, रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं, म्हणून चालवताना नीट असलेला माणूस थांबल्यावर कोसळतो. आता फक्त त्याचा श्वास ऐका.

(निवेदन नाही)

श्वास सोडताना तो बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. एरवी बसल्या जागी मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा पुरते, जोर लावल्यावर ती १०० लिटरच्याही वर जाते, आणि तीही तोंडाने, म्हणजे धूळ, धूर, गरम कोरडी हवा गाळल्याशिवाय थेट आत. श्वासनलिका आतून सुकते, काहींची आवळते, आणि हे बऱ्याचदा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जास्त जाणवतं. दमा नसलेल्यालाही होऊ शकतं. भर उन्हात गाड्यांच्या धुरापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो दुपारी जास्त असतो आणि खोल श्वास घेतला की छातीत टोचतं, खोकला येतो. तो हात झटकतोय बघा, फार भराभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात.

(सावली)

आडवं होववेना, जीव कोंडत होता, म्हणून टेकून बसवलं, पाय लांब केले. हेल्मेट, बूट, मोजे काढले. डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी आणि दोघं जण पुठ्ठ्याने वारा घालतायत. ओआरएस घोट घोट देतोय, कारण मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी ढसाढसा प्यायलं तर रक्तातलं सोडियम अजून उतरतं. वीस मिनिटांनी तो नीट वाक्य बोलला.

बरळायला लागला असता किंवा शुद्ध हरपली असती तर तो उष्माघात, तेव्हा तोंडात काही घालायचं नाही, ऍम्ब्युलन्सला फोन करायचा आणि ती येईपर्यंत थांबायचं नाही, तिथेच मिळेल त्या गार पाण्याने अंग थंड करत राहायचं. छातीतलं दुखणं हाताकडे-जबड्याकडे सरकलं किंवा ओठ निळे पडले तरी तेच, लगेच फोन.

पुढचे चार दिवस त्याला जिना चढताना धाप लागत होती, डॉक्टरांनी तपासलं, आता बरा आहे.

(पहाट, तोच रस्ता)

हे तीन आठवड्यांनंतरचं. अंगाला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून आता पहाटे निघायचं, रोज थोडं थोडं वाढवायचं. इथे चाळिसाव्या मिनिटाला त्याने ब्रेक दाबलाय, बाटली काढलीय. मागचे दोघंही थांबले, कुणी काही बोललं नाही.