फुगडी सोडलेली बाई आणि बाळंतपणातले खालचे टाके

नमस्कार. पत्रिका छापताना मंडळाच्या भगिनींनी विचारलं होतं, 'बाळंतपणातली काळजी' एवढंच लिहिलं तर चालेल का? मी म्हटलं, लिहा. पण बोलणार मी टाक्यांबद्दल. खालच्या टाक्यांबद्दल. चारचौघांत ते कुणी बोलत नाही, म्हणूनच बायका वर्षानुवर्षं सोसत राहतात.

माझ्याकडे एक बाई आली. मुलगी सात वर्षांची, सोबत आणलेली. तक्रार काय, तर पोट बिघडतं. बाकी काही सांगेना. निघताना मुलीला बाहेर पाठवलं, दाराशी थांबली आणि म्हणाली, "डॉक्टर, हिच्या जन्मापासून चवथीला मी फुगडी घातलेली नाही." आपल्याकडे गोव्यात चवथीला फुगडीत न उतरणारी सून लगेच डोळ्यांत भरते. घरचे म्हणायचे, शिकलेली आहे ना, तिला कमीपणा वाटतो. खरं कारण असं, की गिरकी घेतली की वारा सुटायचा, आवरताच यायचा नाही. एकदा तर कपडे खराब झाले. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. जुने कागद मागवले, तर त्यात एवढंच: 'टाके घातले.' कुठल्या थराला, किती खोल, काही नाही.

योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा जेमतेम दोन बोटांची. बाळाचं डोकं बाहेर येताना ती कागदासारखी पातळ होते. पहिल्या खेपेला थोडं फाटणं अगदी नेहमीचं. नुसती कातडी फाटली तर पहिली पायरी, आतला स्नायू फाटला तर दुसरी. हे टाके भरून येतात. गुदद्वाराभोवती मात्र एक कडं असतं, वारा आणि शी धरून ठेवणारं. फाटणं त्या कड्यात शिरलं की तिसरी पायरी, आणि आतड्याच्या आतल्या अस्तरापर्यंत गेलं की चौथी. मी बोलतेय ते या शेवटच्या दोन पायऱ्यांबद्दल. ब्रिटनमधल्या आकडेवारीत पहिलटकरणींमध्ये हे शंभरात सुमारे 6 जणींना होतं, नंतरच्या खेपांना शंभरात 2 पेक्षाही कमी.

कुणाला धोका जास्त? पहिलं बाळंतपण, हे तर आलंच. बाळ चार किलोंच्या वर असेल, त्याचं तोंड आईच्या पाठीऐवजी पोटाकडे वळलेलं असेल, डोकं आल्यावर खांदा अडकला असेल, कळा देण्याचा काळ फार लांबला असेल, तर धोका वाढतो. मधुमेहात बाळ मोठं होतं, म्हणून गरोदरपणातली साखरेची तपासणी कुणी टाळू नये. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत आशियाई बायकांमध्ये अशा जखमा जास्त दिसल्या आहेत. कारणावर अजून एकमत नाही. आपल्या कितीतरी मुली आता तिकडे बाळंत होतात, त्यांनी आपल्या दाईला हे आपणहून विचारावं.

यातलं बरंचसं आईच्या हातात नसतं, आणि डॉक्टरच्याही नसतं. म्हणून जे आमच्या हातात आहे त्याबद्दल मला जास्त बोलायचंय. बाळ अडकलं की त्याचं डोकं धरून ओढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागतो. त्याने बाळं वाचतात, त्याला नावं ठेवू नका. पण चिमटा लावताना चीर दिली नाही, म्हणजे वाट मोठी करायला कात्रीने मुद्दाम छेद घेतला नाही, तर कडं फाटण्याचा धोका सहा पटींहून जास्त वाढतो, असं 2015 च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत नोंदलंय. चीर दिली तर तो पुष्कळच कमी होतो. व्हॅक्यूमचा धोका चिमट्यापेक्षा कमी.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रत्येकीलाच चीर द्यावी. नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली स्पष्ट सांगितलं की सरसकट चीर देऊ नये. आणि द्यायची तर कशी, हे फार महत्त्वाचं. सरळ खाली दिलेली चीर गुदद्वाराच्या कड्याकडेच धाव घेते. ती तिरकी हवी, मधल्या रेषेपासून 60 अंशांवर. कातडी ताणलेली असताना 60 वाटणारा कोन बाळ बाहेर आल्यावर 45 च्या आसपास भरतो. घाईत आमचा अंदाज हटकून कमी पडतो, म्हणून मी माझ्या ज्युनियर मुलांना कात्री लावण्याआधी तो कोन तोंडाने म्हणायला लावते.

शेवटची पाच मिनिटं फार मोलाची. डोकं दिसायला लागलं की आपल्या लेबर रूममध्ये सगळ्या एकदम ओरडतात, "जोर लाव, जोर लाव!" नेमकं तेव्हाच जोर थांबवायचा असतो. तोंड उघडं ठेवून धापा टाकायच्या, डोकं सावकाश येऊ द्यायचं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेली गॉजची घडी खाली धरायची, एक हात बाळाच्या डोक्यावर, दुसरा त्या ताणलेल्या जागेला आधार देत. कोमट घडीने कडं फाटण्याचं प्रमाण कमी होतं हे अभ्यासांत दिसलंय, आणि तिला खर्च तो काय! पोटावर वरून दाबणं मात्र नको, तेही त्याच 2018 च्या शिफारशींत आहे.

एवढं करूनही कुणाला फाटेल ते आधी सांगता येत नाही. धोक्याच्या सगळ्या खुणा असलेल्या बहुतेक जणी सुखरूप सुटतात, आणि एकही खूण नसलेली एखादी सापडते. म्हणून बाळंतपणानंतर प्रत्येकीची गुदद्वारातून बोट घालून तपासणी झालीच पाहिजे. एक बोट आत, अंगठा बाहेर, मध्ये ते कडं चाचपायचं. शाबूत असेल तर दोरीसारखं गोल लागतं. तुटलं असेल तर टोकं मागे सरकतात आणि पुढच्या बाजूला खाच लागते. अर्ध्या मिनिटाचं काम. नवी डॉक्टर असताना एका रात्री मी ते केलं नाही. रक्त थांबलं होतं, बाळ रडलं होतं, मी वरचे टाके घालून मोकळी झाले. तिसऱ्या आठवड्यात ती परत आली तेव्हा खाच बोटाला स्पष्ट लागली. ती चूक माझी होती.

जखम लगेच कळली तर ऑपरेशन थिएटरमध्ये, नीट उजेडात, भूल देऊन कडं जोडता येतं. अशा दुरुस्तीनंतर वर्षभराने 60 ते 80 टक्के बायकांना कसलाच त्रास राहत नाही. नंतर अँटिबायोटिक, शी मऊ ठेवणारं औषध आणि खालच्या स्नायूंचे व्यायाम. सासूबाईंना माझी हात जोडून विनंती आहे: बाळंतिणीचं पाणी तोडू नका. पेज द्या, भाजी द्या. खडा झाला तर त्या टाक्यांवर जो ताण येतो, तो सोसवत नाही.

आमच्या त्या बाईचं कडं सात वर्षांनी सोनोग्राफीत पुढून तुटलेलं दिसलं. व्यायाम आणि औषधांनी तिला बराच फरक पडला, शस्त्रक्रियेचं अजून ठरायचंय. यंदा ती फुगडीच्या रिंगणाबाहेर उभी राहून गाणी म्हणत होती, असं तिने मला फोनवर सांगितलं.

मघाशी एका आजींनी चिठ्ठी पाठवलीय: "मग सुनेला सिझेरियनच करून घ्यायला सांगू का?" नको, आजी. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गोव्यात शंभरातली 39 हून जास्त बाळंतपणं सिझेरियननेच झालेली आहेत, आणि पोटावरच्या त्या व्रणाचे पुढच्या खेपेला स्वतःचे धोके असतात. मागच्या खेपेला कडं फाटलेलं असेल आणि अजून त्रास असेल, तर तो विचार जरूर करावा, तोही तपासणी करून. तुमच्या सुनेचं पहिलंच आहे ना? तिला घेऊन दवाखान्यात या. पस्तिसाव्या आठवड्यापासून खाली हलक्या हाताने तेलाचा मसाज कसा करायचा ते मी तिला दाखवते. आणि घरी सोडताना कार्डावर टाके कितव्या पायरीचे ते लिहून मागा.