टायगर: बाणाच्या नावाचं जनावर

(दृश्य: वाघ झाडाच्या बुंध्याशी थांबतो)

त्याचं नाक बघा. बुंधा हुंगला, आता वरचा ओठ मागे ओढून दात दाखवतोय. दुसऱ्या वाघानं इथं मूत्र फवारलंय, त्याचा वास तो टाळूतल्या इंद्रियाकडे नेतोय. यास्काचार्यांनी निरुक्त या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात ‘व्याघ्र’ शब्द फोडला तो याच सवयीवरून: व्याघ्राणात्, वास घेण्यावरून. लगेच दुसरा अर्थही दिला: व्यादाय हन्ति, जबडा वासून मारतो.

ऋग्वेदात सिंह आहे, व्याघ्र नाही. तो अथर्ववेदात येतो. प्राकृतात त्याचा ‘वग्घ’ झाला. मराठीनं ‘ग्घ’मधला ‘ग्’ टाकला आणि त्याची भरपाई आधीचा स्वर लांबवून केली: वाघ. ‘हत्थ’चा ‘हात’ झाला तोही असाच. हिंदी, बंगालीत ‘व’चा ‘ब’ झाला. मराठी आणि गुजरातीनं ‘व’ राखला.

(दृश्य: इराण, बेहिस्तूनचा कडा)

‘टायगर’चा माग मात्र इकडे लागतो. कड्यावर कोरलेल्या शिल्पात इराणी सम्राट दारियसपुढे कैदी बांधून उभे केलेत. त्यांतला शेवटचा शक, म्हणजे मध्य आशियातल्या भटक्या टोळ्यांतला. त्याची ही उंच, निमुळती टोपी. इथल्या प्राचीन फारसी लेखात शकांच्या टोपीला शब्द आहे ‘तिग्र’, म्हणजे टोकदार. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत ‘तिग्रि’ म्हणजे बाण. संस्कृतातले तिग्म, तीक्ष्ण, तेज याच कुळातले. बहुतेक अभ्यासकांच्या मते ग्रीकांनी वाघासाठी ‘तिग्रिस’ घेतला तो अशाच इराणी शब्दावरून. पुढे लॅटिन, जुनी फ्रेंच, मग इंग्रजी.

(दृश्य: तायग्रिस नदीचं पात्र)

या नदीवरून वाघाला नाव मिळालं, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. नदीचं सुमेरी नाव इदिग्ना, अक्कादी इदिक्लत. फारसी बोलणाऱ्यांनी ते आपल्या ओळखीच्या ‘तिग्र’कडे वळवलं, आणि नदी नि जनावर एका नावाचे झाले. रोमन पंडित व्हारोनं इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातच हा संबंध जोडला होता: आर्मेनियाकडे बाणाला आणि सर्वात वेगवान नदीला एकच शब्द आहे, असं तो लिहितो. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं वाघाच्या शास्त्रीय नावात ‘टायग्रिस’ पक्कं केलं.

(दृश्य: कॅस्पियनच्या दक्षिणेची जंगलं)

रोमन कवींचा ‘हिर्केनियाचा वाघ’ इथला. शिकार झाली, नदीकाठची बोरूची बनं शेतीखाली गेली, आणि विसाव्या शतकात कॅस्पियन वाघ संपला. आजच्या फारसीत वाघाला ‘बब्र’ म्हणतात.