नळाच्या तोंडाला ड्रॅगन

नमस्कार मंडळी, चहा घेताय ना, घ्या घ्या, आज आपल्याला चीनला जायचंय. ड्रॅगन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, पंखवाला, तोंडातून आग ओकणारा, गुहेत सोन्यावर बसलेला, म्हणजे सगळा युरोपचा माल. चिनी ड्रॅगन तो नव्हेच. त्याला तिकडे म्हणतात लुंग, आणि म्हणताना आवाज खालून वर चढवायचा, फोनवर नीट ऐकू आलं नाही की आपण "हं?" करतो ना, अगदी तसा. अंग सापासारखं लांबलचक, शिंगं हरणाची, खवले माशाचे, पंख बहुतेक नसतातच. आणि आग? आग नाही हो, याच्याकडे पाणीखातं. ढग, पाऊस, नद्या, समुद्र, सगळं हाच बघतो.

म्हणून तर चिनी भाषेत नळाच्या तोटीला म्हणतात शुइ-लुंग-थोउ. पाणी, ड्रॅगन, डोकं. रोज सकाळी तिथली माणसं ड्रॅगनचं डोकं पिरगाळून दात घासतात! शेवंड म्हणजे लुंग-कोळंबी, ऊलाँग चहा म्हणजे काळा लुंग, आणि आपला जॅकी चॅन तिकडे चंग लुंग, लुंग झालेला. पोरानं नाव काढावं असं वाटणाऱ्या आईबापांसाठी म्हणच आहे, पोरगा लुंग होवो. पाच नखांचा लुंग मात्र बादशहाचा, बाकीच्यांनी चारावर भागवायचं.

मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू, बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत नेताना 'नाग' या शब्दाला त्यांनी लुंगच वापरला, त्यामुळे आपला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन तिकडे झाला लुंग-शू, म्हणजे लुंग-झाड, अर्जुन झाडच ना शेवटी! २०२४ ला ड्रॅगनचं वर्ष लागलं तेव्हा चीनच्या सरकारी इंग्रजी बातम्यांत ड्रॅगनऐवजी 'लूंग' लिहायला लागले, बरोबरच केलं, नागाला कोणी ड्रॅगन म्हटलं तर आपल्याला चालेल का?

पावसासाठी गावोगावी लुंग-वांगची, म्हणजे लुंगराजाची देवळं असायची. आपल्याकडे पाऊस लांबला की महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवतात, माहितीये ना, तिकडे उलटं. नवस करून, उदबत्त्या लावून झाल्या तरी आभाळ कोरडंच, मग काही गावांत लोक सरळ राजाची मूर्ती उचलून बाहेर कडक उन्हात नेऊन ठेवायचे, बस आता, तुलाही कळू दे कसं भाजतं ते. आणि पाऊस पडला की वाजतगाजत परत देवळात, वर त्याच्यासमोर नाटकाचा खेळ.