भुलीतून जागं होणारं लेकरू

श्रोतेहो, नमस्कार.

मेडिकल, मेयो, एम्स अशा नागपुरातल्या दवाखान्यांत भंडारा-गोंदियापासून यवतमाळपर्यंतचे लोक लेकरांना ऑपरेशनसाठी घेऊन येतात. टॉन्सिल, हर्निया, तिरळा डोळा. ऑपरेशन नीट पार पडतं. आणि मग रिकव्हरी रूममध्ये शुद्धीवर येणारं तीन वर्षांचं पोरगं किंचाळतं, हातपाय झाडतं, सलाईनची सुई उपटू बघतं. आई जवळ घ्यायला गेली, तर तिलाच ढकलतं! आजी मीठ-मिरच्या ओवाळायचं म्हणते. तिला तरी काय बोलायचं, दिसतंच ते तसं.

पण यात बाहेरचं काही नसतं, भुलीतून जागं होतानाचा हा तात्पुरता गोंधळ असतो. सेव्होफ्लुरेनसारख्या गॅसने दिलेल्या भुलीनंतर, विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या मुलांत, हे दिसतं. चिरफाड नसलेल्या, फक्त एमआरआयसाठी दिलेल्या भुलीनंतरही दिसतं. बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतं आणि लेकराला पुढे त्यातलं काही आठवत नाही. दुखत असलेलं मूल आईकडे बघतं, कडेवर घे म्हणतं. या मुलाची नजर मात्र कुणावरच ठरत नाही. तरी दुखणं, ऑक्सिजन, रक्तातली साखर, तुंबलेली लघवी हे आम्ही भूलतज्ज्ञ आधी तपासतोच.

ऑपरेशनला घाबरत गेलेल्या मुलांत हा प्रकार जास्त होतो. म्हणून "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य घरातून हद्दपार करा. "काही करणार नाहीत" असंही खोटं सांगू नका. नाकावर मास्क लावतील, झोप येईल, उठल्यावर आई भेटेल, एवढं पुरे. एरवी मी मुलांच्या हाती मोबाईल देण्याच्या विरोधात आहे, पण ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत कार्टून खुशाल चालू द्या. त्याने भीती खरंच कमी होते.

उपाशी ठेवण्यात तर फार घोळ होतो. जेवण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. गाईचं दूध जेवणात धरायचं. पण लोक आदल्या रात्री आठपासून पाण्याचा थेंब देत नाहीत, तेही नागपूरच्या मे महिन्यात! तहानेने आधीच चिडलेलं लेकरू आमच्या हाती येतं. पाण्याची शेवटची वेळ भूलतज्ज्ञांना विचारून घ्या. आधीच्या भुलीनंतर असा धिंगाणा झाला असेल, तर तेही तेव्हाच सांगा. प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन ही औषधं वापरून, दुखणं आधीच दाबून, आम्हाला धोका बराच कमी करता येतो.

तरीही झालंच, तर हाका मारून, हलवून जागं करू नका. दिवा मंद करायला सांगा, काका-मामांना बाहेर थांबवा, एकाच माणसाने जवळ बसावं. पलंगाचा कठडा वर हवा, सुईचा हात सांभाळायला हवा. बाकी सिस्टर बघतात.

घरी गेल्यावर काही दिवस मूल रात्री दचकेल, अंथरुण ओलं करेल, पदर सोडणार नाही. त्यासाठी रागावू नका. दोन आठवडे उलटूनही तसंच चाललं, तर डिस्चार्जचा कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांना दाखवा.