बडोदं: भिंतींवरून डोंगराकडे

(दृश्य: रावपुऱ्यातली सकाळची वर्दळ, दुकानांच्या फळ्या उघडताहेत)

बडोद्याला आलेला पाहुणा आधी लक्ष्मी विलास पॅलेस गाठतो. गाठावाच. १८९० साली पुरा झालेला हा राजवाडा आणि त्याच्या आवारातल्या संग्रहालयातली राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं चुकवू नयेत. पण सोनेरी चौकटीतली चित्रं बघून परतलात, तर बडोदं अर्धंच पाहिलंत. या गावाची चित्रकला भिंतीवर वाढली, आणि आपण आज भिंतीच बघत जाणार आहोत.

हा तांबेकरांचा वाडा. भाऊ तांबेकर १९ व्या शतकात गायकवाडांचे दिवाण होते. बाहेरून बघाल तर पुण्याच्या पेठेतून उचलून आणल्यासारखा. जिन्यात डोकं सांभाळा. वरच्या मजल्यावर कोरी भिंत शोधावी लागते. कृष्णलीला आहे, रामायण-महाभारत आहे, मराठी पोशाखातली माणसं आहेत, आणि त्यांच्याच शेजारी चक्क इंग्रजी मडमासुद्धा. चितारी कोण होते, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. दिवाणांचं नाव मात्र वाड्याला चिकटलं. असंच होतं.

(दृश्य: कीर्तिमंदिर, मधल्या दालनात प्रवेश)

तिसरे सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक घेतला गेला आणि गादीवर बसला. आपल्या घराण्याच्या स्मरणार्थ त्यांनी हे कीर्तिमंदिर बांधवलं आणि भिंतींसाठी थेट शांतिनिकेतनाहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. त्याआधी, १९३८ साली, नंदलालबाबूंनी गुजरातेतच काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी चित्रफलक रंगवले होते. इथलं काम १९३९ ते १९४६ टप्प्याटप्प्यानं चाललं. सयाजीराव १९३९ मध्येच गेले.

चार भिंती, चार विषय. गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध आणि रवींद्रनाथांचं नाटक 'नटीर पूजा'. यातलं एकही गायकवाडांच्या पराक्रमाचं नाही, हे लक्षात घ्या. राजघराण्याच्या स्मारकातल्या या भिंतींवर राजाच नाही! गंगावतरणासमोर जरा मागे सरून उभे राहा. जवळून नुसत्या रेषाच दिसतात, लांबून पाणी उतरायला लागतं.

पुढे १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं. चित्रकलेचा विभाग सांभाळायला आले ना. श्री. बेंद्रे, म्हणजे इंदूरचा मराठी माणूस. नंतर शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन आले. भूपेन खख्खर मुंबईहून आले आणि इथलेच झाले. हिशेबनीस म्हणून कारखान्यात नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचे. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात एखादा तरी मुलगा 'फाइन आर्ट्सला जातो' म्हणून हट्ट धरतो आणि आई 'आधी इंजिनिअरिंग कर' म्हणते. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

दुपार झाली. शेव-उसळ खाऊन घ्या. वरची तिखट तरी किती घालायची ते आधीच सांगा, नाहीतर डोळ्यांतून पाणी काढत डोंगर चढाल.

(दृश्य: विश्वामित्रीचा पूल, खाली गढूळ पाणी, काठावर मगर)

कीर्तिमंदिराजवळून वाहते ती विश्वामित्री. शहराच्या ऐन मध्यातून जाणाऱ्या या नदीत शेकडो मगरी राहतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या लोकांच्या अंगणात आल्या. नदी उगम पावते पावागडात, शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर. आता तिकडेच निघूया, हालोलच्या रस्त्यानं.

सपाट रानातून एकदम उठलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच. खाली काळा बेसॉल्ट, माथ्याकडे फिकट रायोलाइट. सह्याद्री ज्या लाव्हाचा, त्याच दख्खनच्या पठाराचा हा लांब पडलेला तुकडा. म्हणून आपल्याकडचा गिर्यारोहक इथे पहिल्या वळणालाच ओळखीचा दगड बघून खूश होतो. माचीपर्यंत गाडी जाते, तिथून १९८६ पासून रोपवे आहे. त्यानंतरही पायऱ्या उरतातच. माथ्यावर कालिकामातेचं देऊळ. नवरात्रात गर्दी इतकी, की हौस म्हणून जाणाऱ्यानं ते दिवस टाळावेत. पाऊस उघडल्यावरचे आठवडे सगळ्यात चांगले.

पण खरा वेळ ठेवा पायथ्याला, चांपानेरसाठी. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्यानं १४८४ मध्ये गड घेतला आणि इथे राजधानी वसवली. १५३५ ला हुमायून चालून आला, आणि त्यानंतर गाव ओस पडत गेलं. जंगलानं झाकलेलं हे शहर १९७० च्या सुमारास उकरायला लागले ते बडोद्याच्याच विद्यापीठातले र. ना. मेहता. २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. जामा मशिदीच्या जाळीला हात न लावता नुसते डोळे टेकवा: दगडात कमळं, वेली, चक्रं. कोरणारे हात मंदिरं घडवणारेच होते.

(दृश्य: छोटा उदेपूरकडचा रस्ता, सागाचं रान, मातीचं घर)

पूर्वेला जांबुघोडा अभयारण्य. साग, बांबू, मोहाची झाडं. बिबटे आणि अस्वलं आहेत, दिसतीलच असं नाही. त्याच्याही पुढे तेजगढ भागात राठवा आदिवासींची घरं लागतात. ओसरीच्या आतल्या भिंतीवर घोडेच घोडे. हा पिठोरा, पिठोरा देवाच्या नावानं काढलेला. हौसेनं काढलेलं चित्र नव्हे, फेडलेला नवस आहे. भिंत सारवतात कुमारिका, रंगात दूध आणि मोहाची दारू मिसळतात, काढणारा तो लखारा. रात्रभर पूजा चालते, आणि बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन ते चित्र वाचतो. त्याला पटलं नाही तर लखाऱ्यानं दुरुस्त करायचं.

फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारा. ते देवघर आहे, चित्रदालन नाही. आणि कुणी विकायला कागदावरचा पिठोरा आणला तर जरूर घ्या, भाव फार पाडू नका.