कोवळा भोपळा का गळतो? उत्तर फुलात आहे

नमस्कार! भोपळ्याचा वेल मांडवभर पसरलाय, फुलंही भरपूर, पण लिंबाएवढा झालेला भोपळा पिवळा पडतो आणि गळतो. दर पावसाळ्यात ही तक्रार ऐकू येते, आणि लोक लगेच खत वाढवतात. खताआधी जरा फूल बघा.

(दोन फुलं कॅमेऱ्यासमोर)

दोन्ही एकाच वेलाची, आज सकाळीच उमललेली. हे लांब, सडपातळ देठाचं नर फूल. आणि हे मादी. पाकळ्यांच्या खाली हा इवलासा गोल भोपळा दिसतोय? तो अंडाशय. फूल उमलायच्या आधीपासूनच तो तिथे असतो. परागकण मिळाले तर वाढेल, नाही मिळाले तर वेल त्याला टाकून देईल. मांडवाखाली पडलेले बरेचसे भोपळे हे असे, परागणच न झालेले.

हिरवी निदलं कळीला जपतात, पिवळ्या पाकळ्या मधमाशीला बोलावतात. आता आत जाऊ.

नर फुलाच्या पाकळ्या सोलते. मधला हा पिवळा दांडा म्हणजे एकत्र जुळलेले पुंकेसर, पराग तयार करणारे भाग. बोट लावलं की पिवळी भुकटी चिकटते. भोपळ्याचे परागकण मोठे, चिकट आणि काटेरी असतात, वाऱ्यावर उडत नाहीत. त्यांना मधमाशीच लागते.

मादी फुलात मधोमध ही कुक्षी. जाड, खडबडीत, तीन भागांची. परागकण इथे टेकला की अक्षरशः रुजतो! त्यातून परागनलिका फुटते आणि कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या देठातून, खाली उतरत थेट बीजांडापर्यंत पोचते. बीजांड म्हणजे पुढे ज्याची बी होते ते. ती दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, घेऊन जाते. एक अंडपेशीशी मिळतं, त्याचा गर्भ होतो. दुसऱ्यापासून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे गर्भाची शिदोरी. हे द्विफलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नावाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं. नारळाचं पाणी आणि खोबरं हा भ्रूणपोषच. भोपळ्याच्या बीत मात्र गर्भ वाढता वाढताच तो संपवतो. आपण सोलून खातो तो मगज म्हणजे मुख्यतः बीजपत्रं, रोपाची बीतलीच पहिली पानं.

आता हिशेब बघा. एका बीला एक परागकण लागतो, आणि भोपळ्यात बिया शेकडो. म्हणून मधमाशी एकदा घाईत येऊन गेली तर पुरत नाही. पराग कमी पडले की फळ वेडंवाकडं होतं किंवा गळतं.

मधमाश्या येत नसतील तर काम आपण करायचं. सकाळी लवकर ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आणि तो दांडा कुक्षीच्या तिन्ही भागांवर अलगद फिरवा. दुपारपर्यंत फूल मिटतं, पुन्हा उघडत नाही. नव्या वेलावर सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलं येतात, घाबरू नका. खुशाल भजी करा, पण मादी फुलं दिसू लागली की रोज चारदोन नर फुलं वेलावर राहू द्या.

दुधीचं वेळापत्रक वेगळं. त्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री पतंग येतात, म्हणून त्याला हात लावायचा तो संध्याकाळीच. दोडक्याचंही तसंच.

आणि एक कळकळीची विनंती: सकाळी भोपळ्याची फुलं उघडी असताना कीटकनाशक फवारू नका. त्या वेळी मधमाश्या फुलातच असतात.