गुडघ्यात दोरी कुठली घालायची?

श्रोतेहो, नमस्कार. नवरात्र आटोपली की बडोद्यातल्या आम्हा हाडांच्या डॉक्टरांना एक तक्रार हमखास ऐकू येते: "गरब्यात गिरकी घेतली, पाय तिथंच राहिला आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं." काही तासांत गुडघा टम्म सुजतो. सूज उतरते, माणूस चालायलाही लागतो, आणि मग एक दिवस वळताना गुडघा दगा देतो. एमआरआयमध्ये दिसतं, एसीएल तुटलंय.

नडगीचं हाड पुढे सरकू न देणारा हा गुडघ्याच्या आतला आखूड पट्टा. तो टाके घालून सहसा जुळत नाही, कारण सांध्यातल्या पाण्यात तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही. काहींचं व्यायामावर भागतं. बाकीच्यांना नवा पट्टा, म्हणजे ग्राफ्ट, बसवावा लागतो, आणि तो बहुधा त्यांच्याच पायातून काढतात.

खुर्चीवर बसला असाल तर टाच जमिनीवर मागे दाबून बघा. गुडघ्यामागे आतल्या बाजूला दोरीसारखं ताठ काही हाताला लागेल. हेच हॅमस्ट्रिंग. त्यातल्या दोन दोऱ्या काढून दुमडून चौपदरी करतात आणि मापाच्या भोकांतून ओढून जाडी बघतात. निदान आठ मिलिमीटर हवी, त्याहून बारीक ग्राफ्ट पुन्हा तुटण्याची भीती जास्त. सिस्टरनं "साडेसात" म्हटलं की ऑपरेशन थिएटरात क्षणभर कुणी बोलत नाही. मग आणखी एक घडी घालायची.

दुसरी दोरी वाटीखालची. तिचा मधला, साधारण दहा मिलिमीटर रुंदीचा भाग दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट घेतात. हाडाला हाड लवकर धरतं, म्हणून मैदानी खेळाडूंसाठी बरेच सर्जन हिलाच पसंती देतात. पण पुढे गुडघे टेकताना दुखू शकतं. खुर्चीवर जेवणाऱ्यांच्या पुस्तकात हा तोटा एका ओळीत उरकतो. आमच्याकडे पूजा सांगणारे एक गुरुजी आले होते, स्कूटरवरून पडलेले. दिवसाचे चार तास पाटावर, मधेमधे गुडघ्यांवर. त्यांच्या वाटीखाली मी हात लावला नाही, हॅमस्ट्रिंगच घेतलं.

जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या गावात मल्लखांबवाला पोरगा आला, तर मात्र मी उलटा विचार करतो. त्याची सगळी भिस्त मांड्यांच्या पकडीवर, आणि हॅमस्ट्रिंगच्या जोडीतली एक दोरी त्याच पकडीच्या स्नायूची. त्याच्यासाठी वाटीच्या वरची, क्वाड्रिसेप्सची दोरी बरी: जाडजूड, आणि गुडघा टेकताना त्रासही कमी. घोट्याजवळची पेरोनियसही हल्ली आपल्याकडे वापरतात. मृत दात्याचा ग्राफ्ट तरुणांत लवकर तुटतो, तो मी टाळतो.

दोरी कुठलीही असो, दीड ते तीन महिन्यांच्या सुमाराला ती सर्वांत कच्ची असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि पेशंट धीट झालेला असतो. खेळायला निदान नऊ महिने. दिवाळीनंतर ऑपरेशन झालेले पुढच्या भाद्रपदात येऊन विचारतात, "डॉक्टर, गरब्याचा पास काढू ना?" मी उत्तर देत नाही. आधी चांगल्या पायावर, मग ऑपरेशनच्या पायावर उडी मारायला सांगतो आणि टेप घेऊन दोन्ही अंतरं मोजतो.